सोसशील न्हवं मला?

या, जरा जवळ या. उंबऱ्यातूनच काय बोलताय? आणि आधीच सांगते, मी रागावणार आहे तुमच्यावर. परवा त्या लग्नात एक जाडजूड बाई मांडवात शिरली आणि तुम्ही एकमेकांना कोपरानं ढोसलंत. नाही म्हणू नका, मी पाहिलं. तुमच्या मनात वाईट नव्हतं हेही मला कळतं. पण पुढच्या वेळी हसण्याआधी माझ्या अक्काची गोष्ट आठवा.

अक्का कुणाच्याही घरी गेली की आधी खुर्चीपुढे उभी राहायची. तळहातानं बैठक दाबून बघायची आणि त्या खुर्चीलाच विचारायची, "बाई, सोसशील न्हवं मला?" सगळे हसायचे. तीही हसायची, सगळ्यांच्या आधी. मग हळूच टेकायची, आणि टेकताना तिचा कान लाकडाच्या आवाजाकडे असायचा. ते कुणाच्या ध्यानात यायचं नाही. माझ्या यायचं. मी बायकांची झंपरं शिवायची. अंगावर कुठं काय ताणतंय ते बघायची डोळ्यांना सवयच लागलेली.

कोल्हापुरात आमच्या पेठेत तिचं घर माझ्या घरासमोर, आणि तिच्या भिंतीला लागून तालीम. सत्तर साल उलटून गेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नाव सांगत नाही, तिच्या लेकी नांदत्या आहेत. सगळी पेठ तिला अक्काच म्हणायची. माहेर हुपरीचं, चांदीकाम करणाऱ्यांचं. नवरा गुळाच्या अडतीत दिवाणजी, दिवसाला चार शब्द बोलला तर पुष्कळ.

माझी टेप तिच्या अंगाभोवती पुरायची नाही. मी सुतळीनं माप घ्यायची आणि मग ती सुतळी टेपेवर धरायची. "वैनी, बैलाचं दावं आण की त्यापरास," ती म्हणायची. लोकांना वाटायचं ही दिवसभर खातच असणार. अहो, माझ्यापेक्षा भाकरी कमी खायची. रंकाळ्यापर्यंत चालून झालं, एकभुक्त राहून झालं, वैद्याचं कडू चूर्ण झालं. अंग काही हलेना. माझ्या यजमानांनी सुताराकडून तिच्यासाठी म्हणून एक शिसवी खुर्ची करून घेतली होती, बिनहातांची, रुंद. तिलाही ती हात लावून विचारायचीच.

पहाटे तालमीतली पोरं घाम पुसत बाहेर आली की अक्का दारात असायचीच.

"अक्का, या की आत! एक कुस्ती हून जाऊ द्या!"

"आले तर आखाडा राहील व्हय रं तुमचा? त्यापरास असं करा. मी मेले की खांदा द्यायला तुमीच या. गल्लीतल्या ह्या वाळक्या माणसांचं काम न्हवं त्ये. कंबरडी मोडतील."

"आठ जण येतो, अक्का!"

"धा या. दोघं बदलीला."

तालमीचे वस्ताद मात्र यात हसायचे नाहीत. "सकाळच्या पारी काय बोलतीस, अक्का," एवढं म्हणून मान वळवायचे.

तिच्या थोरलीचं लग्न ठरलं. आमच्यात कन्यादानाला आईबापांनी जोडीनं पाटावर बसायचं. आईनं झारीनं पाण्याची धार सोडायची, ती बापाच्या ओंजळीतून लेकीजावयाच्या हातावर पडते. धार मध्ये तुटू द्यायची नाही. आणि हे सगळं होईपर्यंत दोघांनी तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. अक्काचे गुडघे मुडपत नव्हते. आठवडाभर तिनं घरात दार लावून पाटावर बसायचा प्रयत्न केला. बसता आलं तर उठता येईना. शेवटी दीर-जाऊ बसले. अक्का मांडवात लोखंडी खुर्चीवर बसून बघत राहिली. धार संपली तशी जाऊ उठली आणि हसत हसत म्हणाली, "आता लेक माजी झाली हं, जाऊबाई!"

थट्टाच ती. अक्काही मोठ्यानं हसली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, शिसवी खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच खुर्चीला काही विचारलं नाही. "वैनी," म्हणाली, "माझ्या लेकीला माझ्या हातचं पानी न्हाय मिळालं."

धाकटी तेव्हा शाळेत होती. तिच्या वेळी पाटावर आपणच बसायचं, हे अक्कानं त्या दिवशी मनाशी धरलं. दुसरं काही तिला नको होतं. बारीक दिसायचं नव्हतं, मिरवायचं नव्हतं. तेवढा पाट हवा होता.

पुढे काही वर्षांनी तिच्या मावसभावानं मुंबईहून खबर आणली. तिथं एक डॉक्टर जाड माणसांचं ऑपरेशन करतात. आतड्याचा पुष्कळसा भाग बाजूला ठेवतात आणि थोडक्यावर जोड देतात, खाल्लेलं अंगाला लागत नाही. आमच्यात तसलं कुणी ऐकलंही नव्हतं. दिवाणजी त्या दिवशी बोलले. "जशी हायस तशी बरी हायस की."

"तुमास्नी बरी हाय," अक्का म्हणाली. "पाटाला न्हाय."

महिनाभरानं ती मुंबईहून आली. पोटावर वरपासून खालपर्यंत टाक्यांची उभी रेघ. मला दाखवली. मी आपली माझ्या कामाच्या नजरेनं बघितलं आणि म्हटलं, "टीप सरळ घातलीय हं डॉक्टरनं." ती हसली आणि पोट धरून कळवळली. "हसवू नगंस गं भवाने, टाकं दुखत्यात!" ऑपरेशन कसलं ते विचारायला गल्ली लोटली. तिनं सगळ्यांना एकच सांगितलं, "एस्टी गावात न जाता फाट्यावरनंच पुढं जाती का न्हाय? तसं केलंय. आता आतल्या गावास्नी काय मिळत न्हाय बघा."

आणि खरंच ती उतरायला लागली. मी तिची झंपरं उसवायची, आत घ्यायची, पुन्हा उसवायची. मी शिवताना आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडत आले होते, झंपरं कधी सैल करावी लागतील म्हणून. उलटं करावं लागेल असं मनात आलं नव्हतं. एके दुपारी ती माझ्या दारात आली, खुर्चीकडे न जाता खाली फरशीवर बसली आणि लहान पोरीसारखी ओरडली, "वैनी, बघ! मांडी!" आम्ही दोघी रडलो. तेवढं एक वर्ष चांगलं गेलं, असं मी म्हणते.

पण अंग उतरायचं थांबेचना. खाल्लं की परसाकडं. दिवसातून किती वेळा ते विचारू नका. तांब्या हातातून सुटायचा नाही. केस मूठमूठ गळाले. जोडवी बोटांत राहीनात, तिनं त्यांना दोरा गुंडाळला. मधेच हाताची बोटं वाकडी व्हायची, पीळ पडल्यासारखी, मी धरून सरळ करायची. डॉक्टरनं पुड्या दिल्या होत्या, पाण्यातून घ्यायच्या. बजावून सांगितलं होतं की थोडं थोडं खात राहा, उपाशी राहायचं नाही, कोरडं तर अजिबात नाही. मग पुन्हा तपासायला बोलावलं आणि तपासून म्हणाले, हे सोसत नाही तुम्हाला, आतडं होतं तसं जोडून घ्या, उशीर करू नका.

"जोडलं की परत पहिल्यागत हुनार का?" अक्कानं त्यांना विचारलं.

वजन पुन्हा वाढेल, डॉक्टर म्हणाले.

धाकटीचं तेव्हा नुकतंच ठरलं होतं, गारगोटीकडचं स्थळ. अक्का परत आली आणि मला म्हणाली, "लगीन झालं की जाते जोडून घ्यायला. आदी न्हाय." दिवाणजींनी हात जोडले, धाकटी रडली, लग्न लवकर उरकून घेऊ म्हणाली. पण मुहूर्त मिळाला तो दोन महिन्यांनंतरचा, तेवढे दिवस अक्कानं तसेच काढले.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी लिंबूसरबत घेऊन तिच्याकडे गेले. पुडी त्यातच विरघळवली होती. "अक्का, औषध आहे हे. औषधानं उपास मोडत नाही."

"मोडतो," ती म्हणाली. "एकदा कुणाच्या तरी हातनं झालं, वैनी. आता नीट हू दे."

नवी हिरवी साडी, अंगात मी आदल्या रात्री पुन्हा आत घेतलेलं झंपर. गुरुजींनी बोलावलं. ती पाटापुढे उभी राहिली, वाकली आणि तळहातानं पाट दाबला. ओठ हलले. मी जवळच होते, मला ऐकू आलं. "सोसशील न्हवं मला?" आणि बसली. पाट दोन्ही बाजूंनी मोकळा दिसत होता.

तिनं झारी धरली. तोंडाला कोरड पडलेली, ओठ चिकटलेले, आणि हातात पाण्यानं भरलेली झारी. बोटं वाकडी व्हायला लागली तसं तिनं दुसऱ्या हातानं मनगट आवळून धरलं. मांडवात मी मंगलाष्टकं ऐकली नाहीत, जेवणं बघितली नाहीत. ती धार तेवढी बघितली. बारीक पडली, थरथरली, तुटली नाही. जाऊ माझ्या शेजारी उभी होती. ती पदर तोंडात धरून रडत होती.

धार संपली आणि अक्का तिथंच कलंडली. लोक म्हणाले, उपासानं घेरी आली. सरबत पाजलं, वारा घातला. संध्याकाळी बसून तिनं लेकीला वाटे लावलंदेखील. पण त्या दिवसानंतर ती अंथरुणातून नीट उठली नाही. दवाखान्यात बाटल्या लावल्या, मुंबईला न्यायची गाडी ठरवली. गाडीच्या आदल्या दुपारी ती गेली. दिवाणजी उशाशी बसलेले. "बघितलंत न्हवं, बसले मी पाटावर," हे तिनं त्यांना आदल्या दिवशी पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि ते दर वेळी "व्हय की" म्हणाले होते.

दारात मंडळी जमली. आणि तालमीतनं पैलवान आले. अंगाला तांबडी माती तशीच, आठ जण, मागं आणखी दोघं. कुणी बोलावलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. वस्ताद पुढं झाले. त्यांच्यासह चौघांनी वाकून जोर लावला आणि तिरडी एकदम वर आली, हिसका बसून खांद्याच्याही वर. एवढा जोर लागणारच नव्हता. चौघं तसेच उभे राहिले. वस्तादांनी पुढचा दांडा खांद्यावर घेतला, मान खाली घातली आणि म्हणाले, "सावकाश रं. लेकरागत हाय." बाकीचे सहा जण रिकाम्या हातांनी बरोबर चालत गेले, पार पंचगंगेच्या घाटापर्यंत.

धाकटी अजून सणावाराला येते. आली की आधी माझ्याकडे येते आणि त्या शिसवी खुर्चीवर बसते. माझ्याकडे ती खुर्ची अजून आहे, एक सांधासुद्धा निखळलेला नाही. मला आता खाली बसवत नाही, पण मी तिच्यावर बसत नाही. आल्यागेल्यासाठी ठेवली आहे. तुम्हीही या. असं उंबऱ्यातूनच तोंड दाखवून जाऊ नका, निवांत बसायला या, आणि लवकर या, माझंही आता काय खरं आहे? बसण्याआधी जरा हात लावून बघा तिला, एवढंच.