यादीतला सातवा

"नळीला विचारा, मला काय विचारता?" माझी थोरली बहीण उठताबसता हेच म्हणायची. नळी म्हणजे परीक्षानळी. आईने लेकराच्या कपाळाला हात लावावा, तशी ती नळीच्या बुडाला बोट लावून पाही. अशी सव्वीस वर्षं गेली.

पेशीला 'वाढ' असा निरोप पोचवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्या निरोप्याचं तोंड बंद करणारं औषध शोधणं, हे ताईचं काम. तिचे अकरा शोधनिबंध छापून आले होते. एका पिवळ्या भुकटीने हे विकर थांबतं, हे दाखवणाऱ्या सातव्याने तिचं नाव झालं. दूरदूरचे लोक त्याचा दाखला देत.

विभागप्रमुखाच्या जागेसाठी तिची मुलाखत ठरली आणि त्याच आठवड्यात जुनी वही चाळताना ताई थबकली. भुकटी पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिने ती एका द्रावकात विरघळवली होती. तुलनेच्या नळ्यांत भुकटी नको, पण तो द्रावक हवाच होता. तिथे तिने नुसतं पाणी घातलं होतं. अक्षर तिचंच. तिने नव्या नळीत नुसता द्रावक घातला. विकर थांबलं! भुकटी बिचारी काहीच करत नव्हती.

निवृत्तीला आलेले विभागप्रमुख म्हणाले, "अहो बाई, मुलाखत होऊ द्या, मग घ्या निबंध मागे. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"पाय माझा, धोंडा माझा. तुम्ही का लंगडताय?"

मुलाखतीच्या दिवशी तिची पिशवी सांभाळत मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी प्रयोगशाळेतल्या काचा धुणाऱ्या मावशी. उकाड्यामुळे दार उघडंच होतं.

"अकरा निबंध ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"दहा. सातवा चुकीचा होता. काल मागे घेतला. पत्र वरच जोडलंय."

आत कागद उलटल्याचा आवाज.

"पण तुमचं नाव तर त्याच्यामुळेच झालंय! मग उरलं काय?"

"दहा उरले. शिवाय तो द्रावकच विकर थांबवतो, हे आता सगळ्यांना कळेल. माझ्या भुकटीमागे अजून कुणाची वर्षं वाया जायला नकोत."

मावशी माझ्या कानाशी कुजबुजल्या, "परीक्षा बाईंची चाललीय की त्यांची?"

"अशानं ही जागा तुम्हाला देणं अवघड आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मग देऊ नका. मला तीनला नळ्या काढायच्यात. येते."

ताई बाहेर आली. मी पिशवी पुढे केली, तर म्हणाली, "धर अजून तासभर." आणि लांबलचक बोळातून चपला वाजवत ती प्रयोगशाळेकडे निघाली. जागा हातची गेलेल्या माणसाची ती चाल नव्हती. आत बसलेले विभागप्रमुख दारात येऊन बघत राहिले, मावशी ओले हात पुसायचं विसरून, आणि मी पिशवी छातीशी धरून.