डाव्या हाताच्या पाचरी

मजुरांना साडेआठची वेळ दिली होती. गोटीराम आठलाच पाण्याच्या जुन्या पाटावर यायचा, पहारी आणि घमेली मोजून ठेवायचा आणि दगडावर बसायचा. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे फोर्जिंगला, तापले लोखंड ठोकण्यात काढली तेव्हाही तो भोंग्याच्या आधी आत असे. त्याच्या बायकोला, कलाबाईला जाऊन आठ महिने झाले होते. लोक म्हणत, गोटीराम रडला नाही. तो ऐकून घ्यायचा. रडू येत नव्हते, भूकही लागत नव्हती. सून ताटात वाढील तेवढे तो खायचा.

हरसूलच्या पुढे, दोन डोंगरांमधल्या खोऱ्यात हा पाट आहे. एके काळी ओहोळाचे पाणी वळवून तो चौदा शेतांना पाजायचा. वर सिमेंटचा बंधारा झाला आणि पाट गाळाने बुजला. आता पुण्याहून प्रतिभा मॅडम आल्या होत्या. पाट किती शतकांपूर्वीचा, कुणी बांधला, पाणी कसे वाटले, हे त्यांना खणून पाहायचे होते. गाळ काढायला गावातली माणसे घेतली होती.

गाळ काढायला गोटीरामला कुणी शिकवायची गरज नव्हती. दिवाळीनंतर बांबूच्या काठीने पाट मोजायचा आणि घरागणिक काठ्या वाटून द्यायच्या, अशी गावाची रीत होती. आपल्या वाट्याचा पाट ज्याने साफ केला नाही, त्याला पाण्याची पाळी नाही. गोटीरामच्या घराकडे सात काठ्या होत्या, वळणाजवळच्या.

त्या दिवशी खोदकाम वळणावर आले. काठाची दगडी बांधणी उघडी पडली. मॅडम बराच वेळ उकिडव्या बसून पाहत होत्या.

"गोटीराम, हे बघा. दगड बसवून मधे दगडी पाचरी ठोकल्यात. बाकी सगळ्या पाटात पाचर उजवीकडून मारलीय. इथं डावीकडून. हा कारागीर डावखुरा होता." त्या हसल्या. "इतक्या जुन्या कामात एका माणसाचा हात ओळखू येणं फार दुर्मीळ. एवढा भाग आपण हलवायचा नाही. वर पत्र्याची शेड करून घेऊ."

गोटीरामने पाचरींवरून बोट फिरवले. नंतर घमेले उचलले आणि गाळ टाकून आला.

नवसाबाई शेजारी खुरप्याने माती खरवडत होती. ती कलाबाईच्या माहेरची, चुलतबहीण. तिने खालच्या आवाजात विचारले, "दाजी, वळखलं का?"

"हां."

"गप ऱ्हावा मग. ताई पुस्तकात जाईल. शेडबी मिळंल. जित्तेपणी तुम्ही तिला घरावर पत्रा घालून दिला नाय."

"कौलं होती."

"गळकी कौलं."

कौले गळत होती, हे खरे होते.

दुपारी सगळे भाकरीला बसले. त्याने अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली फडक्यात बांधून ठेवली. मॅडम वहीत वळणाचे चित्र काढत होत्या. दगडनदगड मापून काढत होत्या, एक रेघ चुकली की खोडून पुन्हा काढत. गेले चार दिवस बाकीचा पाटही त्यांनी असाच काढला होता, दुखत्या कमरेला पट्टा बांधून. एवढी मेहनत चुकीच्या दगडावर चालली आहे, हे त्याला बघवेना. तो उठून जवळ गेला.

"मॅडम, तो माणूस नव्हता. बाई होती."

त्यांनी पेन्सिल थांबवली.

"माझी बायको. कलाबाई. पुरानं काठ फोडला तवा उन्हाळ्यात रजा काढून आम्ही पुन्हा रचला. मी दगड आणायचो, ती बसवायची. ती डावरी. जुना काठ याच्या खाली असंल."

मॅडम म्हणाल्या, "मग हे काढावं लागेल, गोटीराम. खालचं बघायचं तर."

"माहितीय. मीच काढतो."

त्यांनी वहीत लिहिले आणि लिहिलेले वाचून दाखवले, "नंतरची दुरुस्ती. अंदाजे चाळीस वर्षांपूर्वीची."

"अंदाजे नको. सत्त्याऐंशी साल, मे महिना. बारा दिवस. दोन माणसं."

त्यांनी आधीचे खोडून तसे लिहिले.

नवसाबाई खुरपे ठेवून काठावर आली. "झालं समाधान?" तिने विचारले. तो पहार लावत होता. "सरक," म्हणाला, "पायावर दगड यील."

वरची ओळ सुटायला तासभर लागला. काढलेला प्रत्येक दगड तो बांधावर ओळीने मांडत होता, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. खालच्या ओळीतली कोपऱ्यातली पाचर काही केल्या हलेना. त्याने पहार बाजूला ठेवली आणि हातोडा घेतला. उजव्या हाताने चार घाव घातले. पाचर डावीकडून बसलेली, घाव नीट लागत नव्हता. त्याने हातोडा डाव्या हातात घेतला. डावा हात सवयीचा नव्हता, घाव हलके पडत होते. तो मोजत राहिला. अकराव्या घावाला पाचर सुटली.

त्याने ती पुसली, बांधावर दगडांच्या शेवटी ठेवली आणि पुढच्या दगडाला पहार लावली.