लाइनीपलीकडून आलेलं उत्तर

पटले सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला लेख मागितला, तेव्हा सोबत एक छापील कागदही दिला. त्यात ‘सरांकडे कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात शिकलात’ असा एक रकाना होता. तो मी कोराच परत केला. सरांच्या वर्गात मी एक दिवससुद्धा बसलेले नाही. मी त्यांची रविवारची विद्यार्थिनी, आणि तीही टीव्हीसमोर बसलेली. तरी या ग्रंथात माझी जागा आहे, असं मी हट्टाने म्हणते.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या घरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीत. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. दोन हजार सालाच्या आसपासचे ते दिवस. आमच्या सौंदडला केबल नुकतीच आली होती. केबलवाल्या राजूभाऊंनी बाजारातल्या एका खोलीत कंट्रोल रूम थाटली होती आणि एका चॅनलवर गावचंच काहीबाही दाखवायला सुरुवात केली होती. लग्नाच्या कॅसेटी, कबड्डीचे सामने, हरवलेल्या म्हशीची जाहिरात. त्या चॅनलवर दर रविवारी सकाळी एक तास पटले सर येत. सर शेजारच्या गावच्या शाळेत शिक्षक होते आणि राहायला सौंदडला. नागपूरला नातेवाइकांकडे त्यांनी लहान मुलांचा एक परदेशी कार्यक्रम पाहिला होता. त्यात बाहुली प्रश्न विचारी आणि घरात बसलेल्या पोरांनी उत्तर द्यावं म्हणून थोडी थांबे. सर त्या थांबण्यावर खूश झाले. गावी येऊन राजूभाऊंना म्हणाले, ‘‘आपणही असं काही करू. पन बाहुली कोठून आनाची? मीच बसतो.’’

आणि ते बसले. पांढरा सदरा, मागे निळी चादर (निळी होती हे नंतर कळलं, आम्हाला ती राखाडीच दिसे), हातात पाटी. पाटीवर एखादा पक्षी काढायचे, एखादी बोडी, म्हणजे छोटं तळं, काढायचे, आणि मग थेट आमच्याकडे बघून विचारायचे. विचारून झालं की गप्प. एकदम गप्प. टीव्हीतला माणूस आपल्यासाठी थांबलाय, हे दृश्य त्याआधी आम्ही पाहिलेलं नव्हतं. बातम्या सांगणारे थांबत नसत, गाणी थांबत नसत. सर थांबत, त्यांच्या पापण्या हलत, आणि थंडीच्या सकाळी खिडकीतून येणारं धुकं आणि टीव्हीतल्या मुंग्या एकमेकांत मिसळून जात. आता आठवताना मला कधी वाटतं, ते धुकं टीव्हीतच होतं.

थांबून झालं की सर मान हलवून म्हणत, ‘‘चित्रा, बरोबर. जरा हळू ओरड.’’ कधी दुसऱ्या कुणाचं नाव घेत. म्हणजे टीव्हीला ऐकू येत होतं! यामागची खरी गंमत मला मोठेपणी कळली. कंट्रोल रूमची खिडकी गल्लीत उघडायची. कार्यक्रम तेव्हा थेट चालायचा, आणि आसपासच्या घरांतली पोरं आपापल्या टीव्हीसमोर एवढ्या जोराने उत्तरं द्यायची की ती खिडकीतून सरांच्या कानावर पडायची. गल्लीतल्या पोरांचे आवाज सरांना पाठ होते. त्यांना हा खेळ फार आवडला आणि त्यांनी तो चालू ठेवला. एवढ्या विचारी माणसाकडून एक गोष्ट मात्र सुटली. केबल गल्लीच्या बाहेरही गेलेली होती.

आमची टोली, म्हणजे वस्ती, रेल्वे लाइनीपलीकडे, बुद्धविहाराच्या मागे. राजूभाऊंनी लाइनीखालच्या मोरीतून वायर ओढून आमच्याकडे तीन कनेक्शनं दिली होती, त्यातलं एक आमचं. बाबा राइस मिलमध्ये कामाला होते. त्यांनी जुना टीव्ही आणला होता. रविवारी टोलीतली दहा-बारा पोरं आमच्याकडे जमायची. आम्ही जीव तोडून उत्तरं द्यायचो. बरोबरही असायची. पण सरांच्या तोंडून आमच्यातल्या एकाचंही नाव कधी निघालं नाही.

गल्लीतली ती चित्रा शाळेत माझ्या शेजारी बसायची. सोमवारी सगळ्यांसमोर ती म्हणाली, ‘‘तुमच्या टोलीचं टीवीले ऐकूच नाई येत.’’ तिने ते चिडवायला म्हटलं नव्हतं, एक माहिती म्हणून म्हटलं होतं. मला मात्र ते झोंबलं. आमचा टीव्ही जुना म्हणून ऐकू येत नसेल का, वायर मोरीतून येते म्हणून, की आम्ही आम्ही आहोत म्हणून, हे त्या वयात कुणाला विचारायचं? मी सगळ्या वर्गासमोर सांगून टाकलं, पुढच्या रविवारी सर माझं नाव घेतील. तोंडातून शब्द गेला, आता माघार नव्हती.

त्या रविवारी सरांनी विचारलं, ‘‘सकाळी तलावावर सगळ्यात आधी कोण जागं होतं?’’ मी टीव्हीच्या पडद्याला नाक लावून ओरडले. सर थांबले, मान हलवली आणि गल्लीतल्या कुणाला तरी शाबासकी दिली. मी पुन्हा ओरडले. प्रत्येक प्रश्नाला ओरडले. कार्यक्रम संपल्यावरही ओरडत होते म्हणे. संध्याकाळपर्यंत माझा घसा पार बसला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आईने आधी रागावून पाहिलं, मग मला हाताला धरून लाइन ओलांडली आणि सरळ पटले सरांच्या अंगणात उभी राहिली.

‘‘मास्तर, पोरगी तुमच्या टीवीसंग बोलू बोलू घसा बसवून बसली. शाळेत जात नाई म्हनते. तिले सांगून द्या एक डाव, टीवी ऐकत नाई म्हनून.’’

सर सायकल पुसत होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं. ‘‘कायले बोलत होती येवढी?’’

आईने सांगितलं. टोलीचं, चित्राचं, नावाचं, सगळं. सर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. आईला वाटलं, मास्तर रागावले. ती म्हणाली, ‘‘लेकरू हाय, सोडून द्या.’’

‘‘नाई वो बाई,’’ सर म्हणाले, ‘‘चूक माह्यी हाय. खिडकीतून आलं तेवढंच मी ऐकून राहिलो.’’

मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले. आतून ज्येष्ठमधाची एक कांडी मागवून माझ्या हातात दिली आणि विचारलं, ‘‘तलावावर कोण जागं होते सगळ्यात आधी? तू काय सांगितली होती?’’ आणि ते थांबले. टीव्हीत थांबत तसेच, पण या वेळी त्यांच्या चष्म्यात मी दिसत होते. मला आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने मी त्यांच्या कानाशी पुटपुटले, ‘‘धुकं.’’

सरांनी माझं नाव विचारून घेतलं.

पुढच्या रविवारी कार्यक्रम सुरू झाला. सरांनी पाटी हातात घेतली आणि म्हणाले, ‘‘मागच्या रविवारचं एक उत्तर लाइनीपलीकडून आलं आहे. रस्ता लांब, म्हणून पोचायला उशीर झाला. मी विचारलं होतं, तलावावर आधी कोण जागं होतं. वैशाली म्हणते, धुकं. हे उत्तर माझ्याकडेसुद्धा नव्हतं. वैशाली, ऐकू आलं बरं का.’’ आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं तसंच हातात राहिलं आणि तव्यावरची पोळी करपली. सोमवारी मी शाळेत गेले, आणि काय थाटात गेले ते सांगत नाही.

त्या आठवड्यापासून सरांनी कामाची पद्धतच बदलली. कार्यक्रम ते शनिवारी कॅसेटवर भरून ठेवू लागले. रविवारी राजूभाऊ कॅसेट लावत, आणि सर सायकल काढून एकेका टोलीत जात. कुठल्या तरी घराच्या दाराबाहेर उभं राहून आतल्या पोरांची उत्तरं ऐकायची, वहीत टिपून घ्यायची, आणि पुढच्या कॅसेटमध्ये नावानिशी सांगायची. निवृत्तीला आलेला माणूस, भर थंडीत, कानाला मफलर बांधून. राजूभाऊ त्यांना म्हणत, ‘‘सर, आरामसे घर बैठो ना, पब्लिक को क्या मालूम पडता है?’’ सर म्हणत, ‘‘मले मालूम पडते ना.’’

एका रविवारी आमच्याकडे कार्यक्रम ऐन रंगात असताना लाइट गेली. पडद्यावर सर प्रश्न विचारून थांबले होते आणि थांबल्या जागीच विझले. आम्ही अंधारल्या काचेकडे बघत बसलो. आणि दारातून सर आत आले. तोच सदरा, तोच मफलर नसलेला गळा, कारण मफलर त्यांनी नुकताच काढून हातात घेतला होता. टीव्हीशेजारी उभे राहिले आणि पुढचे प्रश्न विचारू लागले. माझा चार वर्षांचा भाऊ टीव्हीच्या मागे जाऊन बघून आला आणि फार गंभीरपणे म्हणाला, ‘‘सर, तुमी टीवीतून कसे निंगाले? लागलं नाई ना?’’ सर म्हणाले, ‘‘नाई गा, हळूच निंगालो.’’ माझ्या भावाने पुढची दोन वर्षं तरी यावर विश्वास ठेवला. मी ठेवला नाही असंही मला शपथेवर सांगता येणार नाही.

पुढे घराघरावर डिशच्या छत्र्या आल्या, शेकडो वाहिन्या आल्या. राजूभाऊंनी गाशा गुंडाळला. सरांच्या कॅसेटी कुठे गेल्या, कोणाला ठाऊक नाही. बहुतेकांवर नंतर लग्नं भरली गेली असतील. सरांना त्याची खंत नाही. पोरांनी उत्तरं दिली ती कॅसेटमध्ये नव्हतीच, असं ते म्हणतात.

मी आता केशोरीकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी सर मुद्दाम एसटीने माझा वर्ग बघायला आले आणि शेवटच्या रांगेत मांडी घालून बसले. तास संपल्यावर मला वाटलं, कौतुक करतील. ते म्हणाले, ‘‘इचारते तू, आन उत्तरही तूच देते. मंग पोरं कायले आले इथं?’’ मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न विचारून थांबले. थांबणं किती अवघड असतं! आठवडाभराने, वर्षभर न बोललेली एक मुलगी बोलली. गोंडीत बोलली. मला काही कळलं नाही, पण बाकीची पोरं हसून माना डोलवत होती. मी फोन करून सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पोरीनं तिचं काम केलं. आता तू शिक.’’ त्या मुलीकडून मी थोडीथोडी गोंडी शिकते आहे.

आता जे सांगायला हा लेख लिहिला, ते सांगते. धुक्याची गोष्ट सर प्रत्येक भाषणात सांगतात. या ग्रंथातल्या आणखी काही लेखांतही ती असेल. लाइनीपलीकडच्या एका पोरीने दिलेलं ते उत्तर उशिरा पोचलं, असं ते सांगतात आणि मी श्रोत्यांत मान खाली घालून बसते. कारण त्या रविवारी मी टीव्हीसमोर ‘धुकं’ म्हटलंच नव्हतं. मी ‘बदक’ म्हणून ओरडले होते, सगळी पोरं ओरडली तसंच. इतकी वर्षं हे माझ्या पोटात होतं.

गेल्या महिन्यात मी सरांच्या घरी गेले. ते अंगणात पोपटीच्या शेंगा सोलत बसले होते. गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, सर, तुम्ही समोर येऊन बसलात, थांबलात, तेव्हा ते पहिल्यांदा सुचलं. आधी नव्हतं.

सर शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हंजे उत्तराले उशीर झालाच नव्हता. मीच उशिरा आलो, बाई.’’

त्या दिवशी मी वाद घातला नाही. इथे, या छापील पानावर, ते मला मध्ये तोडू शकत नाहीत म्हणून बोलते. सर, तुम्हाला भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघे बरे होवोत, शंभरीच्या ग्रंथातही मला दोन पानं मिळोत. आणि उशिराचं म्हणाल तर, आमच्या दारात येऊन आम्हाला काही विचारायला तुमच्याआधी कोणी आलंच नव्हतं.