एका वेळची शिदोरी

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ तर मुळीच नाही — का, ते पुढं कळेलच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सांगायला जरा धीर होतोय.

चकलांब्याला आमचं किराणा दुकान होतं. निजामाचं राज्य, त्याचाच हाली रुपया, संध्याकाळी दारात सुपारी कातरत बसलेली माय. काय दिवस होते ते! मायला मैल कळायचे नाहीत. ती अंतर शिदोरीनं मोजायची. गेवराई एका शिदोरीवर, जालना दोन. त्यापलीकडं लेक द्यायची नाही, हा तिचा कायदा.

लेक म्हणजे गंगू, माझी धाकटी बहीण. दुकानातला गूळ आम्ही दोघं चोरायचो, मार ती एकटी खायची. माझं नाव तिनं कधी सांगितलं नाही.

जालन्याचं स्थळ आलं. साटंलोटं — गंगू त्यांच्या मुलाला, त्यांची मुलगी मला. ती मुलगी मी पाहिली होती. पाहिली काय, डोक्यातच बसली होती! पण मुलगा नोकरीला कराचीत, कापसाच्या पेढीवर.

"कराची लई लांब हाय म्हनत्यात," माय म्हणाली. "मला न्हाई द्यायची लेक."

कराचीहून सकाळी निघालेलं विमान दुपारी मुंबईत उतरतं, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते खरंच होतं. पण त्यातून टपालाची पोती जायची, आमच्यासारखी माणसं नाही. आणि जालन्याला विमान कुठलं?

मी म्हणालो, "जालन्यातूनच विमानात बसायचं, माय. पुढं कराची एकाच शिदोरीवर हाय."

माय हसली, आणि हो म्हणाली.

गंगूचं लग्न आधी झालं, माझं पुढच्या मुहूर्तावर ठरलं. तिला पोचवायला मी निघालो, तेव्हा मायनं दोन गाठोडी बांधली. मोठं जालन्यापर्यंतचं. दुसरं इवलंसं, एका वेळच्या धपाट्यांचं — विमानात खायला. मी बघत होतो. आणखी थोडी धपाटी घाल, एवढंच तर म्हणायचं होतं! पण मायनं विचारलं असतं, कावून? आणि माझं लग्न व्हायचं होतं.

जालन्याला तिचा नवरा आगगाडीपाशी उभा होता. गंगूनं गाडीकडं पाहिलं, मग आभाळाकडं, मग माझ्याकडं. आणि डब्यात चढली. आम्ही लिंगायत वाणी. बाहेरचं शिजवलेलं ती तोंडात घालणार नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? फलाटावर केळीवाली बसली होती. निदान केळी तरी? — तेही सुचलं नाही. गाडी सुटायच्या आधीच मी पाठ फिरवली.

पुढं मुंबई, मग आगबोट. पोरीनं फळांवर अन् पाण्यावर दिवस काढले, बोटीत भोवळ येऊन पडली. हे मेहुण्यानं मला नंतर हसत हसत सांगितलं. मीही हसलो. आजही त्या हसण्याची मला लाज वाटते.

गंगू माहेरी एकदाच आली. माय अंथरुणाला खिळलेली. तिनं लेकीचा हात धरून आधी हेच विचारलं, "शिदोरी पुरली का गं तवा?"

मी दारात उभा होतो. गंगूनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"पुरून उरली, माय."