उजेड वाढला

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत, विश्रामबागेतल्या कॉलेजात मी पीएचडीसाठी एक पिवळी पूड बनवत होते. तिच्यावर निळा एलईडी धरला की दोन्हींचा मिळून पांढरा उजेड पडायचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी एलईडी पुन्हा पुन्हा लावून बघितला. दिसायला आपली हळद, त्यात सीरियम नावाच्या धातूचा किंचित अंश, आणि तेवढ्यावर हे चांदणं!

पण पूड तापली की पिवळा उजेड मरायचा, उरायची नुसती निळी मिणमिण. आणि एलईडी तर पेटला की स्वतःच तापतो. या उन्हाळ्यात जमलं नाही तर विषय सोडायचा, असं माझ्या गाईड सरांनी सांगून टाकलं होतं. सर पुण्याचे, त्यामुळे दोनदा सांगायची पद्धत नव्हती. मला मात्र ती पूड सोडवत नव्हती.

चाचणीच्या वेळी पडद्याआडच्या अंधारात मी पुडीवर डोळे लावून बसायची. पडद्याबाहेर सर हीटरचं तापमान चढवत आकडे वाचायचे. पहिल्याच नमुन्यात उजेड गेला.

"वाढला, सर," मी म्हटलं.

बाहेर टाळी वाजली. सर पडदा सारून आत आले आणि त्या निळ्या अंधारात माझ्याकडे बघतच राहिले. आता यांना काय सांगू? आष्ट्याला आमच्या घरी दिवा विझत नाही. बांगडी वाढते तसा दिवाही वाढतो. लहानपणी चुकून बोलले तर आई लगेच दटावायची, "इझला म्हनू न्हाई गं, वाढला म्हनावं."

शेवटी हे सगळं सरांना सांगून टाकलं. "अगं, इथे वाढला म्हणजे वाढला," सर म्हणाले. मग त्यांनाही हसू आवरेना.

पुढे उन्हाळाभर खलात पूड घोटली, मिश्रण बदललं, भट्टीत पुन्हा पुन्हा भाजली. शेवटचा नमुना हीटरवर ठेवला. सर आकडे सांगत गेले. आधीचे सगळे नमुने जिथे मेले, तो आकडा मागे पडला. उजेड जागचा हलला नाही. त्यात मला माझ्या तळहाताच्या रेषा दिसत होत्या. एवढ्या धगीत ती चिमूटभर पूड निवांत तेवत होती, आणि माझे डोळे भरून आले.

बाहेरून सरांनी दबक्या आवाजात विचारलं, "वाढला?"

"न्हाई, सर," मी म्हणाले. "हाय."

सर आत आले आणि माझ्याशेजारी त्या उजेडाकडे बघत बसले.