खुर्चीवरची हजेरी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. थोरली डाव्या हाताने झाकणं मोजते आहे. पन्नास झाली की एक पिशवी. हीच झाकणं तिने काल मोजली होती. पाळी सुटल्यावर कोणीतरी पिशव्या पुन्हा खोक्यात ओतल्या.

भाज्या कापून बरणीबंद करणारा हा कारखाना. थोरली अकरा वर्षं गाजरं कापायच्या तीन नंबरच्या यंत्रावर होती. तिची धाकटी जाऊ तिथेच, पुढच्या पट्ट्यावर. यंत्रात गाजर अडकलं की बायका ते लाकडी दांड्याने आत ढकलत. मग एका बरणीत लाकडाची कपची सापडली. चौकशी झाली, माल परत आला, दांडे जमा झाले. प्लास्टिकचे दांडे येणार होते. तोपर्यंत जपून काम करा, असं सांगण्यात आलं. जपून म्हणजे हाताने.

तिसऱ्या आठवड्यात थोरलीच्या उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरचा फोन आला. "ताई, घरी बसून हाताकडेच बघत राहाल. इकडे या. खुर्ची टाकतो, हजेरी पडेल, पगार चालू राहील."

थोरलीने तीनदा आभार मानले. शेजारणीला म्हणाली, माणूस देवासारखा आहे. बँडेज ओलं असतानाच ती खुर्चीत येऊन बसली. बायकांनी लगेच नाव ठेवलं, मॅडम. "मॅडम, पंखा लावू का?" तीही हसायची.

हात कायमचा अधू झाला त्याची भरपाई मिळते, हे तिला महिन्याने कळलं. कामगार कार्यालयातल्या कारकुनाने कागद उलटले.

"अपघात सात तारखेचा म्हणताय. आठला तुम्ही हजर, नऊला हजर, दहाला हजर. तीन दिवस कामावर आला नाहीत तर अपघाताची नोंद येते आमच्याकडे. इथे लिहिलंय, किरकोळ खरचटलं, कामगार रुजू."

तिने हात टेबलावर ठेवला.

"अहो, दिसतंय मला," तो म्हणाला आणि पेन बंद केलं. "यंत्राजवळ कोण होतं? त्यांचा जबाब आणा. मग बघू."

यंत्राजवळ धाकटी होती. यंत्र थांबवायचं लाल बटण तिनेच दाबलं होतं.

घरी धाकटी रोज सकाळी थोरलीची वेणी घालते. आज वेणी घालतानाच थोरलीने विचारलं, "जबाब देशील?"

"दिला तर तुमच्या शेजारी माझीही खुर्ची लागेल. दोघी मॅडम."

"थट्टा नको गं."

धाकटीचे हात थांबले. "खुर्ची नाही लागणार, वहिनी. दार दाखवतील. मग दोन्ही चुली कशावर पेटवायच्या? तुम्हीच सांगा, देते मी."

धाकटीने वेणीला रबर लावलं आणि दोघी पावणेसातच्या बसला धावल्या.

दुपारी थोरली सुपरवायझरकडे गेली. "साहेब, उद्यापासून रजा द्या. हात ठणकतो."

"घ्या की. पण आता ती गैरहजेरी लागेल, ताई. दुखण्याची रजा त्याच वेळी घ्यायची होती. कोणी अडवलं होतं?"

ती खुर्चीत परतली. संध्याकाळपर्यंत अडुसष्ट पिशव्या झाल्या.

पाळी सुटताना दुसऱ्या दिवशीची यादी दारावर लागते. तीन नंबरवर महिनाभर आळीपाळीने कोणाकोणाला उभं केलं होतं, आज तिथे कायमचं नाव चढलं आहे. धाकटीने ते वाचलं, थोरलीनेही वाचलं. भिंतीवर दांडे टांगायच्या खिळ्यांना अजून काही लागलेलं नाही.

उद्याची पाळी सातला सुरू होते. तीन नंबरवर धाकटी आहे. झाकणांच्या खुर्चीसमोर थोरलीच्या नावापुढे आजच 'हजर' लिहून ठेवलं आहे.