एक वर्ष आधी सोडलेला गडी

सुधाकर देवरे गेल्याचं मला नऊ दिवसांनी कळलं, आणि तो उशीर सर्वस्वी माझा होता. कुवेतच्या जाब्रिया भागातलं आमचं घर बदललं तसा फोन नंबरही बदलला आणि तो मी त्याला कळवलाच नव्हता. त्याच्या मुलीने, मनीषाने, इथल्या चार-पाच मराठी घरांत फोन फिरवले, तेव्हा कुठे एका शुक्रवारी सकाळी तिचा आवाज माझ्या कानावर पडला. "काका, बाबा गेले. आधीच कळवायचं होतं, पण तुमचा नंबर कुणाकडे नव्हता." नाशिकला, राहत्या घरी, दुपारचं जेवण झाल्यावर, हार्ट अटॅकने. मी तिच्याशी काय बोललो ते आठवत नाही.

आम्ही दोघे ब्याण्णवच्या हिवाळ्यात कुवेतला आलो. इराकी निघून गेले होते, रिफायनऱ्यांची दुरुस्ती जोरात होती आणि आमच्या अमेरिकन ठेकेदाराला पाइपांची तपासणी करणारे इंजिनिअर हवे होते. मी पुण्याचा, तो नाशिकचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, पण पहिल्याच दिवशी त्याने मला विजू अशी हाक मारून दम दिला की अहो-जाहो केलंस तर भांडी तुलाच घासावी लागतील. हवल्लीत एका खोलीत आम्ही चार वर्षं काढली. खाली खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, भाजणारा इराणी होता आणि उन्हाळ्यात त्याच्या भट्टीची धग आमच्या फरशीतून वर यायची. सुधाकर बुटका, टकला, कामात कमालीचा चिवट माणूस. पाइपाची जाडी मोजायला बाकीचे जण हात पोचेल तिथे यंत्र टेकवायचे. हा उताणा पडून वाकणाच्या खालच्या अंगाला टेकवायचा. गळती तिथूनच सुरू होते, असं त्याचं म्हणणं, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

आता ज्या गोष्टीमुळे आमची दोस्ती घट्ट झाली ती सांगितली तर वाचक हसतील. आमचा सुपरवायझर रॉय हा टेक्सासचा, आणि त्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड. त्याने ऑफिसात कागदी संघांची लीग काढली होती. खरे खेळाडू तिकडे अमेरिकेत खेळणार, आपण इकडे पाळीपाळीने त्यांतले निवडून आपला संघ कागदावर मांडायचा, आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला. सात संघ झाले होते, आठवा हवा होता. म्हणून रॉयने आम्हा दोघांना मिळून एक संघ दिला. तो खेळ आम्ही जन्मात पाहिला नव्हता. पहिल्या वर्षी निवड मी केली, आदल्या वर्षी ज्यांची नावं गाजली होती तेच उचलले, आणि आम्ही शेवटून पहिले आलो. सुधाकरने माझ्या हातून कागद काढून घेतला तो कायमचाच.

रॉयचा भाऊ सामन्यांच्या कॅसेटी पाठवायचा. शुक्रवारी सकाळी पोह्यांच्या बशा घेऊन आम्ही त्या बघत बसायचो. सुधाकरचं सगळं लक्ष वाइड रिसीव्हरवर, म्हणजे मैदानाच्या कडेने सुसाट धावत जाऊन लांबवर फेकलेला चेंडू झेलणाऱ्या गड्यावर. बाकीचे लोक त्याने किती झेलले ते मोजायचे. सुधाकर मोजायचा की त्याच्याकडे चेंडू किती वेळा फेकला गेला, कारण झेल सुटतात, नशीब फिरतं, पण फेकणाऱ्याचा भरवसा सहजी हलत नाही. फेकणाराच कच्चा असेल तर झेलणारा कितीही गुणी असो, घ्यायचा नाही. पहिली दोन वर्षं पोरगं चाचपडतं, तिसऱ्या वर्षी उमलतं, तेव्हा तिसऱ्या वर्षातला हेरून ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्याने मला कॅसेट मागे-पुढे फिरवून दाखवलं होतं. "चेंडू दुसऱ्याकडे गेला की हा काय करतो ते बघ. बहुतेक जण चार पावलं टाकून कमरेवर हात ठेवतात. जो तरीही शेवटपर्यंत धावतो ना, तो आपला."

अमेरिकन नावं त्याच्या जिभेला वळायची नाहीत, म्हणून त्याने प्रत्येकाला टोपणनाव ठेवलं. उंच हडकुळा तो शेवगा, सूर मारून झेलणारा तो खंड्या, तेहतिशी उलटलेला एक संथ गडी तो मामंजी. खैरानच्या किनाऱ्यावर रॉय भाड्याने शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, घ्यायचा. ऑगस्टअखेरच्या शुक्रवारी समुद्राकडे पाठ करून आठ संघ टेबलाभोवती बसायचे आणि आम्ही दोघे मराठीत खुसपुसायचो, शेवगा गेला, खंड्या अजून आहे. समोरच्यांना वाटायचं हे काहीतरी मंत्र म्हणतायत. पाच वर्षांत आम्ही तीनदा जिंकलो. रॉय म्हणायचा की या माणसाला खरा संघ द्यायला हवा, आणि सुधाकर नुसता चिवड्याचा डबा त्याच्यापुढे सरकवायचा.

त्याचा आणखी एक नियम होता. रिसीव्हरचे पाय तिशीनंतर हळूहळू जातात, पण नाव मागे राहतं, आणि नावाला भुलून माणूस फसतो. म्हणून गडी एक वर्ष उशिरा सोडण्यापेक्षा एक वर्ष आधी सोडावा. मामंजीला त्याने असंच सोडलं तेव्हा मी हळहळलो होतो. कागदावर माया करायची नाही, असं तो म्हणाला होता.

दोन हजार दोन साली आमचा ठेका नव्याने झाला आणि माणसं कमी करायची ठरली. मी सहा महिन्यांपूर्वीच लीड इंजिनिअर झालो होतो. रॉयने माझ्यापुढे तीन नावं ठेवली. दोघांना ठेवायचं होतं. सुधाकर एक्कावन्न वर्षांचा, शुगर वाढलेली, गुडघे दुखत असल्यामुळे उन्हाळ्यात परांचीवर चढताना मध्येच थांबायचा. रॉयने मला सरळ विचारलं की त्याच्यासाठी ऑफिसात रिपोर्ट तपासायचं काम निघेल का. निघालं असतं. सुधाकरइतक्या बारकाईने रिपोर्ट वाचणारा आमच्याकडे दुसरा कुणी नव्हता. पण मी नाही म्हणालो… आणि का म्हणालो ते आता लपवण्यात अर्थ नाही. मराठी माणूस खुर्चीवर बसला की मराठी माणसालाच धरून ठेवतो, असं कुणी म्हणू नये एवढीच मला धास्ती होती. त्या भित्रेपणाला मी त्याच्याच नियमाचा मुलामा दिला. तेव्हा मनीषा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. हे मला ठाऊक होतं.

तो त्याच संध्याकाळी माझ्या घरी चहाला आला. कागदावर तुझी सही आहे म्हणे, असं त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं. त्याने बशीत चहा ओतला, फुंकला आणि विचारलं,

"गुडघे?"

"गुडघे."

"एक वर्ष आधी सोडलास. बरोबर केलंस. मीही हेच केलं असतं."

मला हायसं वाटलं. त्या क्षणी मला हायसं वाटलं, याची आज मला सगळ्यात जास्त शरम वाटते. त्याचा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहण्याचा परवाना, कॅन्सल झाला, सामान बांधलं गेलं, आणि मी कामाचं निमित्त सांगून विमानतळावरही गेलो नाही. नंतर फोन करीन म्हटलं, दिवाळीला करीन म्हटलं. जितके दिवस गेले तितका फोन जड होत गेला. लीगमधला आमचा संघ मी एकटाच चालवत राहिलो, आणि दरवर्षी खालून दुसरा नाहीतर तिसरा येत राहिलो.

मनीषाच्या फोननंतर तीन आठवड्यांनी नाशिकला गेलो. सुधाकरच्या बायकोने, मालतीवहिनींनी, दार उघडलं आणि जेवलात का म्हणून विचारलं. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून टेलिफोन होता आणि शेजारी खिळ्याला सुतळीने वही टांगलेली. मी पाहतोय हे बघून वहिनी म्हणाल्या, "तुमचीच आहे ती. दर ऑगस्टात मनीषाकडून इंटरनेटवरचे आकडे छापून घ्यायचे आणि आठ-आठ दिवस लिहीत बसायचे. विजूचा फोन आला की सांगायचं म्हणून."

मग त्याने स्वतः फोन का नाही केला, असं मी विचारलं.

"मीसुद्धा म्हणायची, तुम्हीच करा. तर म्हणायचे, पाळी विजूची आहे, त्याच्या पाळीत मी बोलायचं नसतं."

खैरानच्या टेबलावर तसा दंडकच होता. ज्याची पाळी त्याने बोलायचं, तोवर बाकीच्यांनी तोंड मिटून थांबायचं, कितीही वेळ लागो. तो माझ्यावर रागावला होता का, असं मी वहिनींना विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. पहिलं वर्षभर तुमचं नाव निघालं की उठून आत जायचे, म्हणाल्या, पण ऑगस्ट आला तशी वही काढलीच.

वहीत पाच वर्षांच्या पाच याद्या होत्या. कुणाला कितव्या फेरीत घ्यायचं, कुणाच्या पायाला दुखापत आहे, कुणाचा फेकणारा बदललाय, सगळं माझं नाव घेऊन लिहिलेलं, विजू हे बघ, विजू ह्याला हात लावू नकोस. माझ्या प्रत्येक वर्षाच्या चुका तिथे आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. गेल्या ऑगस्टच्या पानावर अगदी खाली, अक्षर थोडं हललेलं… 'एक्क्याऐंशी नंबर. तिसरं वर्ष. चेंडू नसतानाही धावतो. ह्याचं नाव अजून ठेवलेलं नाही, ते तू ठेव.'

पुढे त्याने जागा सोडली होती. वहिनींनी पेन आणून दिलं. मी ते हातात घेतलं, पण नाव न लिहिताच परत केलं. वही त्या न्या म्हणाल्या, मला ती नेववली नाही. टेलिफोनशेजारच्या खिळ्याला ती अजून तशीच आहे, शेवटचं पान वर करून.